‘चुका झाल्या.’ बरं, पण केल्या कोणी?

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा. ‘चेंज द व्हॉइस.’ रामाने रावणाला मारलं, हे वाक्य उलटं करायचं. रावण पुढे, राम मागे आणि मध्ये ‘बाय’. झाला पॅसिव्ह व्हॉइस. अर्थ तोच राहतो, असं बाई सांगायच्या. आणि वर एक सवलत असायची. कर्ता जर ‘कोणीतरी’ असेल, तर ‘बाय’सकट त्याला गाळून टाका, मार्क जात नाहीत.

मंडळी, या सवलतीवर मोठमोठी सरकारं तरून गेली आहेत. आजची पोस्ट त्याबद्दल.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट. यादवी युद्ध जिंकून दिलेला सेनापती, पण कारभार घोटाळ्यांनी गाजलेला. दारूवरचा कर बुडवणाऱ्या टोळीत त्यांच्याच सरकारचे अधिकारी सापडले होते. डिसेंबर १८७६ मध्ये संसदेला पाठवलेल्या शेवटच्या वार्षिक संदेशात त्यांनी लिहिलं की चुका झाल्या आहेत, त्या सर्वांना दिसतात आणि मी त्या कबूल करतो. बघा हं, ‘कबूल करतो’ला कर्ता आहे, ‘चुका’ला नाही. आणि पुढे लगेच खुलासा, की चूक बहुतेक वेळा मदतनीस निवडण्यात झाली. म्हणजे कबुली माझी, चुका मात्र हाताखालच्यांच्या!

एकशे दहा वर्षांनी तेच वाक्य परत आलं. रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला गेला. २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात रेगन म्हणाले, गंभीर चुका झाल्या. कोणी केल्या? पत्ता नाही. लोकांचं समाधान होईना. शेवटी ४ मार्चला ते टीव्हीवर आले आणि म्हणाले, माझ्या आणि माझ्या प्रशासनाच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारी मी घेतो. कर्ता वाक्यात परत यायला पाच आठवडे लागले. १९९७ मध्ये पक्षाच्या देणग्यांचं प्रकरण अंगाशी आलं तेव्हा बिल क्लिंटन यांनीही ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हेच शब्द काढले. आता तर तिकडे हे शब्द म्हणजे चेष्टेचा विषय झालेत.

साहजिकच इंग्रजीच्या गुरुजींनी पॅसिव्हवर काठी उगारली. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका छापली, त्यात ॲक्टिव्ह व्हॉइस वापरा असा नियम होता. १९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषा या विषयावर तो प्रसिद्ध निबंध लिहिला. (हे ऑर्वेल जन्मले बिहारमधल्या मोतिहारीत आणि नोकरी केली ब्रह्मदेशातल्या इंग्रजी पोलिसांत. साहेबाची सरकारी भाषा त्यांनी आतून पाहिलेली.) त्यांनीही नियम घातला, जिथे ॲक्टिव्ह चालेल तिथे पॅसिव्ह वापरू नका.

गंमत अशी की त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात पॅसिव्ह आहे! पुढेही ठिकठिकाणी आहे. ऑर्वेलची चूक काढायची म्हणून हे सांगत नाही. पॅसिव्हशिवाय इंग्रजी लिहिताच येत नाही, एवढंच. स्ट्रंक यांनीही लिहिलं होतं की पॅसिव्ह टाकूनच द्या असं नाही, कधीकधी तो लागतोच. ‘१९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली’ हे इंग्रजीत पॅसिव्हमध्येच लिहितील, आणि ते बरोबरच आहे. गोष्ट टिळकांची आहे, न्यायाधीशाची नाही.

मग चोर नक्की कुठे लपतो? त्यासाठी अमृतसरला जाऊ.

१३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग. सुमारे दहा मिनिटं गोळीबार, १६५० फैरी. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली, तिचा अंदाज हजारच्या आसपास. त्या समितीत गांधीजींबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते.

आता जनरल डायरचा ऑगस्ट १९१९ मधला लेखी अहवाल पाहा. वाटेल की इथे पॅसिव्हचा पाऊस असणार. ‘गोळीबार करण्यात आला’ वगैरे. तसं नाही! डायर लिहितो, मी गोळीबार केला, आणि जमाव पांगेपर्यंत करत राहिलो. सरळ ॲक्टिव्ह व्हॉइस. ट्रिगर त्याने स्वतः ओढला नव्हता, पन्नास शिपायांनी ओढला होता. तरी कर्ता म्हणून तो स्वतः उभा. सरकारी हंटर समितीपुढे मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं की वाट रुंद असती आणि चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या का? तो म्हणाला, बहुधा हो. त्याला लपायचं नव्हतंच. आपण कर्तव्य केलं अशी त्याची खात्री होती.

म्हणजे स्ट्रंक आणि ऑर्वेलचा नियम लावला तर डायरला पैकीच्या पैकी मार्क! स्वच्छ वाक्य म्हणजे स्वच्छ माणूस नव्हे, हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याच्या वारसांकडून. १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ भारतात आल्या. दिल्लीतल्या भाषणात त्यांनी जालियनवाला बागेचा उल्लेख केला तो आपल्या इतिहासातल्या काही अवघड प्रसंगांचं एक क्लेशदायक उदाहरण म्हणून. आणि इतिहास बदलून लिहिता येत नाही, असंही म्हणाल्या. २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून बागेत गेले, नोंदवहीत ‘अत्यंत लाजिरवाणी घटना’ असं लिहिलं, आणि ‘इथे जे घडलं’ ते विसरता कामा नये असंही. २०१९ मध्ये, शंभर वर्षं भरायला तीन दिवस असताना, थेरेसा मे ब्रिटिश संसदेत म्हणाल्या, ‘जे घडलं’ त्याचा आणि त्यातून झालेल्या यातनांचा आम्हाला तीव्र खेद आहे. माफी नाही मागितली.

‘जे घडलं.’ इंग्रजीत ‘व्हॉट हॅपन्ड’. व्याकरणाच्या बाईंना विचारा, हा पॅसिव्ह नाहीच! ‘घटना’, ‘प्रसंग’ ही तर साधी नामं. पॅसिव्ह शोधणारा माणूस या वाक्यांवरून अलगद पुढे जाईल आणि डायर मात्र त्यातून कधीच निसटलेला असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या अहवालात ‘मी’ होता, शंभर वर्षांनंतरच्या खेदात कोणीच नाही. पूर आला, भूकंप झाला, तसा गोळीबार ‘घडला’.

उलट ‘डायरच्या सैनिकांकडून शेकडो निःशस्त्र माणसं मारली गेली’ हे वाक्य पक्कं पॅसिव्ह आहे, आणि पूर्ण खरं आहे. मेलेली माणसं त्यात आहेत आणि मारणारेही. तेव्हा दोष व्हॉइसचा नाही. प्रश्न एवढाच, की कर्ता वाक्यात आहे की पळाला.

आता थोडं घरचं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना माहीत असेल, आपल्या व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ नावाचा एक प्रयोग शिकवतात. ‘रामाकडून रावण मारला गेला’ अशा धाटणीचा. नवीन का, तर तो इंग्रजी पॅसिव्हच्या वळणावर आलेला. आपला जुना कर्मणी वेगळा. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद आंब्याच्या मागे जातं खरं, पण राम वाक्याच्या तोंडाशी ठाण मांडून असतो. नव्या कर्मणीत त्याला काढून टाकणं सोपं. कचेरीतल्या मराठीला हे फार सोयीचं पडलं. ‘कळविण्यात येते की’, ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’. कोण कळवतंय, कोणी घेतला, कोण बंद ठेवणार? सगळीकडे ‘बाय समवन’ गाळलेला.

पण सगळं खापर साहेबाच्या डोक्यावर फोडायला नको. ही युक्ती आपल्याला पॅसिव्हशिवायही जमते. घरातलं पोरगं येऊन काय सांगतं? ‘आई, कप फुटला.’ मी फोडला असं कधी ऐकलंय? आणि आई काय विचारते? ‘फुटला, का फोडलास?’

राणीच्या भाषणाला आणि मे बाईंच्या खेदाला विचारायचा प्रश्न हाच होता. तो विचारायला इंग्रजीचं व्याकरण लागत नाही. उद्या रस्ता खचला, पूल पडला, यादीतून नाव गळलं की नोटीस येईल. ती शांतपणे वाचा. आधी गाळलेली जागा शोधा आणि तिथे बोट ठेवून विचारा: कोणी? अर्ज करायचा असेल तर हाच प्रश्न पहिला लिहा. ‘चौकशी करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं, तर पुन्हा तेच विचारा.

कप आपोआप फुटत नसतो, हे आपल्याला घरातच शिकवलेलं आहे.