कर्जत-खालापूरच्या माळावर फुकटात गाडी लावून मुक्काम करता येतो का?

अमेरिकेतले व्हॅनलाइफचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. घरासारखी सजवलेली गाडी, आजूबाजूला मैलोनमैल गवत, ना भाडं ना बुकिंग. तिकडे याला 'बूनडॉकिंग' म्हणतात. नळ, वीज, ड्रेनेज यातलं काहीच नसलेल्या जागी गाडीतच राहायचं आणि तेही फुकट. हे बघून मुंबई-पुण्याच्या माणसाला लगेच कर्जत आठवतं. दिवाळीच्या सुमारास पिवळे पडलेले माळ, समोर माथेरानचा डोंगर, जवळपास घर नाही. इथे एक रात्र गाडी लावली तर कुणाचं काय जातं?

जातं. पण आधी अमेरिकेचं गणित बघू. तिथे 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' हे केंद्र सरकारचं खातं सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळतं. त्यातल्या बऱ्याच भागात २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहण्याची मुभा नियमातच दिलेली आहे. तिथल्या वनखात्याकडे २० 'नॅशनल ग्रासलँड' आहेत, त्यांतही अनेक ठिकाणी अशीच सोय आहे. म्हणजे ते फुकट असलं तरी परवानगीनेच चालतं. आपल्याकडे सरकारी माळांसाठी अशी सरसकट मुभा नाही.

मग हे मोकळे दिसणारे माळ कुणाचे?

काही गुरचरण असतात, म्हणजे घाटावर ज्याला गायरान म्हणतात ते. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचं नाव असतं, पण जमीन गावच्या गुरांसाठी राखलेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २३ नुसार इथे चरण्याचा हक्क फक्त त्या-त्या गावच्या गुरांना आहे. शेजारच्या गावच्या म्हशीलाही नाही, तर मुंबईच्या व्हॅनला कुठून असणार? सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं, तेव्हापासून या जमिनींबाबत प्रशासनही जास्त सावध आहे.

सगळ्यात जास्त फसवते ती वरकस जमीन. कुंपण नाही, पीक दिसत नाही, म्हणून सरकारी वाटते. प्रत्यक्षात अशी जमीन बहुतेक वेळा कुणातरी शेतकऱ्याची असते. तिथलं गवत पावसाळ्यानंतर कापून गुरांसाठी साठवतात किंवा विकतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा, गवतही अशाच जमिनीतून येतं. नोव्हेंबरनंतर हे गवत कडकडीत वाळतं. बार्बेक्यूची एक ठिणगी वाऱ्याने उडाली, तर एखाद्या घराचा वर्षभराचा चारा तासाभरात जळतो.

तिसरा प्रकार जंगलाचा. राखीव वनात विनापरवानगी घुसणं किंवा आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कर्जत तालुक्याचा काही भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. शिवाय माथेरान परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यात ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातली खासगी वनं कायद्याने सरकारकडे गेली. त्यामुळे 'ही माझीच जागा, लावा गाडी' असं कुणी सांगितलं तरी कागद बघितलेला बरा. वनजमिनीवर आदिवासींचे दळी प्लॉटही आहेत, तिथे नाचणी-वरी पिकते.

राहिला नदीकाठ. पेज नदीत टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून (१९२२) आणि पाताळगंगेत खोपोलीच्या केंद्रातून (१९१५) पाणी सोडलं जातं. वीजनिर्मिती सुरू झाली की पाऊस नसतानाही पातळी वाढते. म्हणून कोरड्या पात्रात गाडी लावू नये. खालापुरातलं मोरबे धरण तर नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं, पिण्याच्या पाण्याचं आहे. पावसाळ्यात धबधबे-धरणांवर प्रशासनाचे मनाईआदेश निघतात. डोंगराच्या पायथ्याला थांबणं किती धोक्याचं, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत दिसलं. दरड कोसळून २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले.

मग रीतसर राहायचं कसं? जागा आवडली की गट नंबर विचारून महाभूलेखवर सातबारा बघा. मालकाचं नाव खासगी असेल तर त्यांना भेटून परवानगी आणि भाडं ठरवा, आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवून ठेवा. ते जमत नसेल तर कृषी पर्यटन केंद्रं आहेत, अंगणात गाडी उभी करू देणारी फार्महाऊसही सापडतात. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क या दोन्हींची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. पाणी, वीज, सांडपाण्याची सोय ही पार्कची जबाबदारी असते.

स्वतःच्या गाडीत पलंग-किचन बसवणार असाल तर आधी आरटीओला विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर मर्यादा घालतं. आणि भाडं ठरवतानाच गाडीतलं टॉयलेट कुठे रिकामं करायचं हे मालकाला विचारून घ्या. ओढ्यात रिकामं केलं तर खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात जाऊ शकतं.