भाषा-प्रतिमान

मागच्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याची संभाव्यता किती, हे ठरवणारी गणिती रचना. यंत्राला भाषा येऊ लागली असे म्हणतात, तेव्हा बहुधा हिचेच महाकाय रूप अभिप्रेत असते.

पूर्वपीठिका : ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील पहिली २०,००० अक्षरे हाताने मोजली. त्यांत ८,६३८ स्वर व ११,३६२ व्यंजने निघाली. कोणतेही अक्षर स्वर असण्याची संभाव्यता ०.४३२ होती, आधी स्वर असेल तर ती ०.१२८ पर्यंत उतरे, व्यंजन असेल तर ०.६६३ पर्यंत चढे. मार्कोव्हला सिद्ध करायचे होते ते परस्परावलंबी घटनांचे गणित. काव्य केवळ उदाहरणादाखल होते. तरीही या मोजणीचे मोल मोठे आहे : अर्थाला हात न लावता भाषेतील क्रम पकडता येतो, हे तिने आकड्यांत दाखवले. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये हीच वाट इंग्रजी शब्दांपर्यंत नेली. १९५४ चा जॉर्जटाउन–आयबीएम अनुवादप्रयोग मात्र २५० शब्द आणि सहा नियमांवर उभा होता. नियमांची ही वाट कालांतराने मागे पडली.

शिक्षण : मजकुराचा पुढचा तुकडा झाकायचा, प्रतिमानाने तो ओळखायचा, चूक मोजून प्राचल (प्रतिमानातील बदलते आकडे) किंचित सरकवायचे; ही क्रिया अगणित वेळा घडते. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेमुळे वाक्यातील दूरदूरच्या शब्दांचे संबंध एकाच वेळी जोखता येऊ लागले. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये १७,५०० कोटी प्राचल होते. उत्तरे माणसांकडून पारखून घेण्याची पायरी या शिक्षणानंतरची.

मानवी संदर्भ : मूल प्रतिमानाला लागणाऱ्या मजकुराच्या अत्यल्प अंशाएवढी भाषा ऐकून, पण स्पर्श, वस्तू आणि माणसे यांच्या सहवासात बोलू लागते. प्रतिमानाला अर्थ कळतो काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. रोजगार व लेखनहक्क यांवरील परिणामांची चर्चा चालू आहे.

मराठी : २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८.३ कोटी लोकांची मातृभाषा असूनही आंतरजालावर मराठी मजकूर तोकडा आहे. शिवाय प्रतिमान शब्द जसाच्या तसा घेत नाही, त्याचे तुकडे करते. यूटीएफ-८ या संकेतनात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘घरातून’ हा शब्द १८ बाइटांचा होतो. इंग्रजीप्रधान मजकुरावरून बेतलेली तुकडेपद्धत सामान्यरूप आणि प्रत्यय यांच्या सांध्यावर न तोडता भलतीकडेच तोडते, त्यामुळे तोच आशय मराठीत सांगायला अधिक तुकडे खर्ची पडतात. घर, घरा-, घरातून, घरातल्यांना ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे त्या तुकड्यांतून उघड दिसत नाही. ते पुरेशा मजकुरातूनच शिकावे लागते, आणि उणीव नेमकी तिथेच आहे. पुण्यातील एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये २.४८ कोटी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ आणि ‘महाबर्ट’ हे प्रतिमान खुले केले. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी या बोली मुख्यतः तोंडी असल्याने अशा संग्रहांत त्यांचा वाटा नगण्य राहतो.