काडतुसाची निवड : आपल्या किनाऱ्यावरील पक्षिशिकारीचा मागोवा

रायगडच्या किनारपट्टीवर, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात, आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. त्यांपैकी काही घरांत माजघराच्या भिंतीवर बारा बोअरची दुनळी बंदूक टांगलेली असे, हे वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. पुढे भिंतीवरची बंदूक गेली आणि तिच्याबरोबर तिची विद्याही गेली. शिकार आज कायद्याने बंद आहे व ती बंद झाली हे उचितच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि त्या विद्येच्या पोटी एक विवेक होता. कोणत्या पक्ष्यासाठी कोणते काडतूस घ्यावे, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नात तो साठवलेला होता. तो विस्मृतीत जाऊ नये, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

काडतूस येण्यापूर्वी ठासणीच्या बंदुकीचा काळ होता. नळीच्या तोंडातून आधी दारू, तीवर बोळा, मग छर्रे व पुन्हा बोळा, असे सारे गजाने ठासावे लागे. दारू किती व छर्रे किती, हे ज्याच्या त्याच्या अदमासावर असे. एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत पक्षी डोंगरापार होई. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदुकीस परवाना आवश्यक झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरण्याच्या बंदुका व तयार काडतुसे प्रचारात आली, आणि अदमासाच्या जागी आकडा आला.

त्या आकड्यांचा अर्थ नव्या पिढीस सांगणे अवश्य आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. छर्‍याच्या नंबराची रीत मात्र उलटी. नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक. इंग्रजी मापाप्रमाणे एका औंसात ४ नंबरचे सुमारे १७०, ६ नंबरचे २७० व ८ नंबरचे ४५० छर्रे बसतात. हे गोल छर्रे पाडण्याची युक्ती इंग्लंडातील ब्रिस्टल शहरच्या विल्यम वॉट्स याने १७८२ साली काढली. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून पाण्यात सोडावयाचे. पडता पडता थेंब आपोआप गोल होतात.

आता पक्ष्यांकडे वळू. भातकापणीनंतर ओलसर खाचरांत हिवाळी पाहुणा म्हणून पाणलावा उतरतो. देह लहान, उड्डाण नागमोडी. त्यास ८ नंबरचा बारीक छर्रा योग्य मानीत, कारण जाळे दाट हवे, आघात जड नको. माळावरच्या लाव्यासही तोच. तित्तिर व चकोत्री यांस ६ किंवा ७ नंबर. डोंगरउतारावरील रानकोंबडा अंगाने दणकट व पिसांनी भक्कम. त्यास ५ किंवा ६ नंबर. बारीक छर्रा मोठ्या पक्ष्यास केवळ टोचतो, आणि मोठा छर्रा लहान पक्ष्याच्या आजूबाजूने निघून जातो, हे या साऱ्याचे सार होय.

नंबराइतकेच महत्त्व अंतरास. नळीचे तोंड सरळ असेल तर ४० यार्डांवरील ३० इंच व्यासाच्या वर्तुळात सुमारे ४० टक्के छर्रे पडतात. तोंड पुरते आवळलेले असेल तर सुमारे ७० टक्के. त्यापलीकडे जाळे विरते व जोरही ओसरतो. म्हणून जाणता माणूस दूरच्या पक्ष्यावर बार काढीत नसे. शिवाय कोकणातील दमट हवेचा विचार निराळाच. त्या काळची काडतुसे कागदी नळीची; पावसाळ्यात ती फुगत व बंदुकीत अडकत. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवण्याचा परिपाठ होता.

आमच्या बालपणीचा एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बागायतीस रानडुकरांचा उपद्रव, म्हणून घरी पीकसंरक्षणाची बंदूक होती व तीत एलजीचे काडतूस भरलेले असे. एलजीचे छर्रे एका औंसास अवघे सहा. एके सायंकाळी बांधावर रानकोंबडा दिसला आणि घरातील एका तरुणाने काडतूस न बदलता बार काढला. एकच छर्रा लागला असावा. कोंबडा पंख ओढीत करवंदीच्या जाळीत शिरला. अंधार पडेपर्यंत कंदील घेऊन आम्ही सारे शोधीत होतो. तो सापडला नाही. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. “मारलास असता तर एक वेळ चालले असते, तू त्याला नुसते दुखावलेस,” एवढेच ते म्हणाले. काडतुसाची निवड ही नेमबाजीची बाब नसून दयेची बाब आहे, हे आम्हांस त्या रात्री उमगले.

हा विवेक हळूहळू कायद्यातही उतरला. १९१२ च्या कायद्याने पक्ष्यांसाठी बंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार सरकारास मिळाला. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १९७२ साली देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान असलेले फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले. त्यापूर्वीच, १९६८ साली, पनवेलजवळच्या कर्नाळ्यास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला होता.

या परिवर्तनाचे एक मनोज्ञ उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले. बालपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी सलीम अली १९०८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढे याच गृहस्थांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे बसून सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस न्याहाळली. नर एकामागून एक घरटी विणतो व क्रमाने अनेक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी दाखवून दिले. या शोधास एकाही काडतुसाची गरज पडली नाही. गरज पडली ती धीराची आणि नजरेची.

आणखी एक गोष्ट जुन्या शिकाऱ्यांस ठाऊक नव्हती. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे बदके खड्यांसमवेत गिळतात व विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वर्ज्य झाले, आणि डेन्मार्कने १९९६ साली ते सर्वस्वी बंद केले. म्हणजे नेम चुकलेला छर्राही निरपराध नसतो.

शेवटी आपल्या कुटुंबांस एक विनंती. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची जुनी काडतुसे सापडल्यास ती कुतूहलाने उघडू नयेत, उडवून पाहू नयेत, मुलांच्या हाती तर देऊच नयेत. बंदुकीचा परवाना वारसाने आपोआप मिळत नसतो. यास्तव बंदूक व काडतुसे यांविषयी जवळच्या पोलीस ठाण्यास विनाविलंब कळवावे. मात्र आजोबांना कोणता पक्षी कोठे व केव्हा उतरतो हे ठाऊक होते, ते ज्ञान अवश्य लिहून ठेवावे. त्यास परवाना लागत नाही, आणि दमट हवेने ते फुगतही नाही. करवंदीच्या जाळीत हरवलेल्या त्या कोंबड्याचे ऋण आम्ही याच मार्गाने फेडू पाहत आहो.