एका 'ज'च्या चार जागा

जकात, जरा, जालीम आणि जिल्हा हे चार शब्द आपण नेहमी बोलतो. चारही मुळात अरबी. मराठीनं ते केव्हाच आपलेसे केले आणि चौघांना एकाच 'ज'च्या घरात नेऊन बसवलं. अरबीत मात्र त्यांची घरं वेगळी आहेत. जकातमधलं अक्षर 'ज़े', जरामधलं 'ज़ाल', जालीममधलं 'ज़ो' आणि जिल्ह्यातलं 'ज़्वाद'. पहिल्याला जिभेचं टोक दातांजवळ येतं आणि बारीक शीळ निघते. दुसऱ्याला तेच टोक दातांच्या फटीतून किंचित बाहेर डोकावतं. तिसऱ्याची जागा दुसऱ्याचीच, पण जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो आणि आवाज जड होतो. चौथ्याला जिभेची कड वरच्या दाढांना भिडते.

हे मी शिकलो ते वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी. आमचं गाव त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि गाव तिकडे गेलं. पहाटेच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर आम्ही दहा-बारा पोरं रहाळीवर पुस्तक ठेवून बसायचो. त्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'कायदा'. मराठीत कायदा म्हटलं की कोर्टकचेरी आठवते. आमचा कायदा म्हणजे अक्षरओळखीची अंकलिपी. शिकवणारे मौलवीसाहेब बिहारकडचे. आमच्या घरात दखनी वळणाची हिंदी, शाळेत मराठी, बाजाराच्या दिवशी कानावर गोंडी आणि माडिया. अशा चार भाषांनी घडलेली जीभ घेऊन आम्ही अरबीसमोर बसायचो. मौलवीसाहेब म्हणायचे, 'मियाँ, हलक से निकालो, हलक से!' हलक म्हणजे घसा. आम्ही घसा ताणायचो आणि खोकला यायचा.

या शास्त्राचं नाव तजवीद. मराठीतल्या 'तजवीज' शब्दाशी याचा संबंध नाही. तजवीद म्हणजे एखादी गोष्ट नीटस, उत्तम करणं. कुराणाचं पठण करताना प्रत्येक अक्षर त्याच्या जागेवरून, त्याच्या गुणांसह उच्चारायचं, कुठं लांबवायचं, कुठं थांबायचं, याचे हे नियम. ते का लागतात, यासाठी एकच उदाहरण नेहमी देतात. घशाजवळून काढलेला जड 'क' असेल तर 'कल्ब' म्हणजे हृदय. आपला साधा 'क' असेल तर 'कल्ब' म्हणजे कुत्रा.

पण हे नियम लिहून काढण्याची वेळ कुणामुळे आली? वाळवंटातल्या अरबाला त्याची स्वतःची भाषा शिकवावी लागत नव्हती. सातव्या शतकात इस्लाम इराक, इराण, सीरियाकडे पसरला आणि ज्यांची मातृभाषा अरबी नाही अशी माणसं कुराण वाचू लागली. तेव्हाच्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी नव्हती. नुसती व्यंजनं, तीही बरीचशी नुक्त्यांशिवाय. माहीतगारालाच ती बरोबर वाचता यायची. बसरा शहरातले अबुल अस्वद अद-दुअली (मृत्यू इ. स. 688) यांची गोष्ट सांगतात. त्यांनी एका माणसाला एक आयत वाचताना ऐकलं. 'ईश्वर आणि त्याचा प्रेषित अनेकेश्वरवाद्यांपासून मुक्त आहेत' असा तिचा आशय. त्या माणसानं शेवटच्या शब्दात 'रसूलुहू'ऐवजी 'रसूलिही' म्हटलं, आणि अर्थ झाला की ईश्वर स्वतःच्या प्रेषितापासूनही मुक्त आहे! एका उकाराचा इकार झाला आणि अर्थाचा अनर्थ.

अबुल अस्वद यांनी मग एक लेखनिक बसवला. त्याला सांगितलं, मी वाचतो, तू माझ्या तोंडाकडे बघ. तोंड उघडलं तर अक्षराच्या वर टिंब दे, ओठ मिटत आणले तर अक्षराच्या पुढं दे, खाली ओढले तर खाली दे. टिंबं वेगळ्या रंगाच्या शाईची. आजही त्या स्वरचिन्हांची नावं ओठांच्या हालचालींवरूनच आहेत: फतहा म्हणजे उघडणं, ज़म्मा म्हणजे मिटवणं, कसरा म्हणजे मोडणं. मला या गोष्टीत तो लेखनिक फार आवडतो. एक माणूस वाचतो आहे आणि दुसरा कानानं नव्हे, डोळ्यांनी ते ऐकतो आहे.

पुढं आठव्या शतकात बसऱ्यातच खलील इब्न अहमद हे मोठे पंडित झाले. गझलेच्या वृत्तांचं शास्त्रही त्यांनीच बांधलं, म्हणून आम्हा कवींचे ते पूर्वज. त्यांनी अरबी शब्दकोश रचायला घेतला तेव्हा अलिफ, बे, ते हा प्रचलित क्रम घेतला नाही. घशाच्या तळापासून निघणाऱ्या अक्षरांपासून सुरुवात केली आणि जीभ, टाळू, दात असं करत ओठांपर्यंत आले. हे वाचताना तुम्हाला काही आठवतं का? आपली बाराखडी! क, ख, ग कंठातून. च, छ, ज टाळूतून. मग मूर्धन्य, दंत्य आणि शेवटी ओठांवरचे प, फ, ब, भ, म. वेदपठण अचूक राहावं म्हणून आपल्याकडे प्रातिशाख्यं आणि शिक्षाग्रंथ झाले. दोन्हीकडे चिंता एकच होती, पवित्र शब्द पुढच्या पिढीच्या तोंडात बिघडू नये. आणि दोन्हीकडे माणसानं शोध घेतला तो स्वतःच्याच तोंडाचा.

नियमांचंही तसंच. तजवीदमध्ये 'इक्लाब' नावाचा नियम आहे. 'न' पुढं 'ब' आला की 'न'चा 'म' होतो. मौलवीसाहेबांनी हा आमच्याकडून आठवडाभर घोकून घेतला. खरं तर आमच्या जिभेला तो जन्मापासून येत होता. वैनगंगा म्हणताना अनुस्वाराचा आवाज 'ङ' होतो, सिंदेवाही म्हणताना 'न', आणि पोंभुर्णा म्हणताना 'म'. टिंब एक, आवाज तीन. पोंभुर्ण्याच्या शेतकऱ्याला इक्लाब कुणी शिकवला होता? तेव्हा मला हे कुणी दाखवून दिलं असतं, तर अरबी इतकी परकी वाटली नसती.

आता एक गमतीची गोष्ट. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी पठणाच्या सात परंपरा प्रमाण मानल्या. त्या सात कारींपैकी वंशानं अस्सल अरब दोघेच, असं जुने ग्रंथकार सांगतात. बाकीचे 'मवाली'. दचकू नका! मवाली म्हणजे अरब टोळीच्या आश्रयानं राहणारे, बहुधा बिगर अरब. 'मौला' या शब्दाचं ते अनेकवचन. त्याच घराण्यातून मौलवी आणि मौलाना आले, आणि मराठीत येता येता मवालीचा अर्थ गल्लीतला गुंड झाला. आज जगातले बहुसंख्य मुसलमान, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतलेही, कुराण वाचतात ते कूफ्याच्या आसिम (मृत्यू 745) यांच्या परंपरेनं. तेही मवालीच होते. अरबी व्याकरणाचा पाया घालणारे सीबवैह तर इराणी. म्हणजे शुद्ध उच्चाराचं हे शास्त्र बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्यांनीच उभं केलं.

आणि तो जिल्ह्यातला 'ज़्वाद'? अरब स्वतःच्या भाषेला अभिमानानं 'ज़्वादची भाषा' म्हणत आले. सीबवैह यांनी दाढांना भिडणाऱ्या कडेचा जो उच्चार वर्णिला, तो आज बहुतेक अरबांच्या बोलण्यातही उरलेला नाही. ते जड 'द'सारखा उच्चार करतात. आपल्याकडे तो 'ज़'सारखा. हिंदुस्थानात यावरून वाद झाले, फतवे निघाले. ज्या अक्षरासाठी आमचे कान पिळले गेले, ते अक्षर अरबस्तानातही वाट चुकलेलं होतं!

हे सगळं मला फार उशिरा कळलं. त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती, ती आज सांगतो. माझी दादी रोज सकाळी चुलीजवळ बसून कुराण वाचायची, मोठ्यानं, लयीत. तिचं वाचन जुन्या पद्धतीचं. अरबीत नसलेले ए आणि ओ तिच्या तोंडात होते. ती 'अल्हम्दोलिल्लाह' म्हणायची. मी नुकता तजवीद शिकलेलो. पाहुण्यांसमोर मी तिला टोकलं, 'दादी, दो नहीं, दु!' पाहुणे कौतुकानं हसले. दादीही हसली. म्हणाली, 'तू पढ बेटा, मेरी जबान मोटी है.' त्या दिवसापासून तिचे ओठ हलताना दिसायचे, आवाज मात्र आला नाही. तिच्या ए-ओनं कुठलाही अर्थ बदलत नव्हता. घरातला एक सूर तेवढा गेला.

प्रेषितांचे सोबती बिलाल यांना 'श' म्हणता येत नव्हता, ते 'स' म्हणायचे आणि तरी ईश्वराला त्यांचीच अजान प्रिय होती, अशी कथा आपल्याकडे सांगतात. हदीसचे अभ्यासक ती निराधार मानतात. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली एक हदीस भक्कम आहे. जो कुराण सफाईनं वाचतो तो पुण्यवान फरिश्त्यांच्या सोबत. आणि जो अडखळत, कष्टानं वाचतो त्याला दुहेरी पुण्य. एक वाचण्याचं, एक कष्टाचं, असं भाष्यकार म्हणतात. तजवीदचे सगळे नियम मला पाठ होते तेव्हा ही हदीस मला माहीत नव्हती.

1961 साली कैरोत शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुराण ध्वनिमुद्रित झालं आणि रेडिओवरून घरोघर पोहोचलं. आज मोबाइलवर हवा तो कारी ऐकता येतो. एटापल्लीतलं पोरगंही अस्सल उच्चार ऐकून शिकू शकतं. हे चांगलंच आहे, नियम शिकलेच पाहिजेत. पण भामरागडकडचं माडिया मूल शाळेत पहिल्यांदा मराठी बोलतं आणि 'ळ'वर अडखळतं, तेव्हा वर्ग हसतो. तिथं मला माझी दादी आठवते. जीभ सुधारता येते. एकदा गप्प झालेली जीभ पुन्हा बोलती करणं अवघड.

आमच्या मोहल्ल्यातली पोरं आता कधी कधी माझ्याकडे कायदा घेऊन येतात. मी त्यांना चारही 'ज' शिकवतो. पण आधी त्यांचं पूर्ण वाचून होऊ देतो.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)