मुठेचा कालवा, हिवताप आणि ल्यूपसची गोळी

मुठा नदीवर खडकवासला येथे 1869 मध्ये बांधायला घेतलेले आणि 1879च्या सुमारास पूर्ण झालेले दगडी धरण, ज्याच्या जलाशयाला अभियंता फाइफ यांच्या नावावरून ‘लेक फाइफ’ म्हणत, ते पुणे शहराला व लष्कराला पिण्याचे पाणी आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्याला कालव्याचे पाणी देण्यासाठी उभारले गेले. कालव्यामागोमाग ताप येतो ही शंका मात्र सरकारदरबारी त्याआधीपासूनच होती, कारण पश्चिम यमुना कालव्याच्या चौकशीत डेम्प्स्टर या डॉक्टरांनी गावोगावच्या मुलांच्या डाव्या बरगडीखाली हात दाबून हिवतापाने सुजणारी पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का हे पाहिले होते, आणि पाण्याचा निचरा नसलेल्या गावांत वाढलेल्या पाणथरीची मुले अधिक असल्याचे 1847 मध्येच नोंदले गेले होते. त्यामागचे कारण पुढे पन्नास वर्षांनी उलगडले. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत अ‍ॅनाफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी पाहिला.

औषध त्याआधीपासून होते, ते म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीतून काढलेले कडू क्विनीन, ज्याच्या एका पैशाच्या पुड्या 1892 पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून विकल्या जाऊ लागल्या आणि ही पद्धत नंतर इतर प्रांतांतही पोचली. याच क्विनीनचा दुसऱ्याच एका आजारावर उपयोग होतो, असे 1894 मध्ये लंडनच्या पेन या डॉक्टरांनी मांडले. तो आजार ल्यूपस. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, त्वचेवर चट्टे उठतात, सांधे सुजतात आणि अनेकदा मूत्रपिंडेही तडाख्यात सापडतात.

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी 1949 मध्ये पायाभरणी झालेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ‘सुदान ब्लॉक’ला ते नाव मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीमुळे, आणि त्या पिढीच्या सैनिकांचा सर्वांत चिवट शत्रू पूर्व आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत हिवतापच होता. 1942 मध्ये जपानने जावा जिंकल्यावर जगाच्या क्विनीनचा मुख्य स्रोत तुटला, तेव्हा सैनिकांना मेपाक्रीन ही कृत्रिम पिवळी गोळी देण्यात आली, जी रोज घेतली की कातडीच पिवळी पडे. युद्ध संपल्यावर, 1951 मध्ये, पेज या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मेपाक्रीनने ल्यूपसचे रुग्ण सुधारल्याचे लिहिले, आणि 1955 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, जे क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाचे सौम्य भावंड होय, हळूहळू ल्यूपसच्या उपचाराचा पाया बनले.

दरम्यान डासांचे नशीब पालटत होते. मुंबई प्रांतात डी. के. विश्वनाथन यांनी 1945-46 पासून धारवाड व कारवारच्या बाजूला डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी करून हिवताप आटोक्यात येतो हे जे दाखवून दिले, त्याच्या आधारे 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी असलेले रुग्ण 1965च्या आसपास एक लाखावर आले. त्यानंतर डास डीडीटीला निर्ढावले, परजीवी क्लोरोक्विनला निर्ढावू लागले (भारतात हे प्रथम 1973 मध्ये आसामात दिसले), आणि 1976 मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली.

इथेच ल्यूपसच्या रुग्णाची गल्लत होते, आणि ती क्षुल्लक नाही. रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्या माणसाला वाटते की आपण हिवतापाचेच औषध घेत आहोत, तेव्हा गडचिरोली, ईशान्य भारत किंवा आफ्रिकेत जाताना वेगळे काही लागणार नाही. परंतु तिथला घातक फाल्सिपॅरम परजीवी बहुतेक ठिकाणी ते औषध आपल्या पेशीतल्या पचनपोकळीतून बाहेर फेकून देतो, त्यामुळे ही गोळी ल्यूपस आवरते, हिवताप अडवत नाही. म्हणून प्रवासासाठी वेगळे प्रतिबंधक औषध लागते. भारतातील मार्गदर्शक सूचनांत सहा आठवड्यांहून कमी मुक्कामासाठी डॉक्सिसायक्लिन सुचवलेले आहे, जे प्रवासाच्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचे असते. त्याने कातडी उन्हाला अधिक हळवी होते, आणि ल्यूपसच्या रुग्णांना ऊन मुळातच बाधते; गरोदरपणात तर ते टाळतात, आणि ल्यूपस मुख्यतः तरुण स्त्रियांनाच होतो. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर आफ्रिकेतील अनेक देशांत मागितली जाणारी पिवळ्या तापाची जिवंत लसही बहुधा देता येत नाही. एवढ्या अटी एकाच माणसाच्या वाट्याला येत असताना परस्पर दुकानातून औषध घेऊन निघणे योग्य नव्हे.

त्यामुळे ल्यूपसचे उपचार घेणाऱ्याने निघण्याच्या काही आठवडे आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, नेहमीची गोळी मनाने बंद करू नये, मच्छरदाणी सोडू नये, आणि परतल्यानंतर ताप आला तर तो ल्यूपसचाच असेल असे गृहीत न धरता, कुठे जाऊन आलो हे डॉक्टरांना सांगून, त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे.