सर्पगंधा आणि मनोविकारांची शारीरिक खूण

ज्या रोगाची लक्षणे गूढ असतात, त्याची परीक्षा उपशय व अनुपशय यांवरून, म्हणजे उपचाराने पडणारा उतार व होणारा अपाय यांवरून करावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. विसाव्या शतकात मनोविकारांची शारीरिक खूण शोधण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचा एक आरंभ याच पद्धतीचा होता. त्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा मुंबईचा आहे.

सर्पगंधेची मुळी उत्तर भारतात ‘पागल की दवा’ म्हणून परिचित होती. उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणांविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लेख प्रसिद्ध केला. पुढे मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ साली सिबा कंपनीच्या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. १९५४ साली अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत दिला.

रिसर्पिनमुळे प्राण्यांच्या शरीरातील सिरोटोनिनचा साठा रिता होतो, असे १९५५ साली प्लेचर, शोअर व ब्रोडी यांनी दाखविले. त्याच सुमारास रक्तदाबाच्या काही रुग्णांना या औषधाने खिन्नता आल्याच्या नोंदी होत होत्या. या दोन गोष्टी जोडल्या गेल्या आणि अशा द्रव्यांची उणीव हीच खिन्नतेची खूण होय, हे अनुमान कालांतराने रूढ झाले.

परंतु येथे अनुपशय तेवढा मोजला गेला. उपशय दुर्लक्षित राहिला. १९५५ सालीच लंडनमध्ये डेव्हिस व शेफर्ड यांना चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांत याच औषधाने सुधारणा आढळली होती. तात्पर्य, औषधाच्या क्रियेची खूण ही रोगाची खूण ठरत नाही. १९८१ साली बर्नार्ड कॅरोल व त्यांचे सहकारी यांनी पुरस्कारलेली डेक्सामेथासोन चाचणीही इतर विकारांत तसाच निकाल देऊ लागल्याने मागे पडली.

खिन्नता किंवा छिन्नमनस्कता निश्चित करणारी रक्ताची चाचणी आजही नित्य व्यवहारात नाही. तरीही ‘तुमच्या मेंदूत अमुक द्रव्य कमी आहे’ असे रुग्णास सांगितले जाते. वस्तुतः त्याच्या मेंदूतील ते द्रव्य कोणी मोजलेले नसते. निदान होते ते त्याच्या बोलण्यावरून व वर्तनावरून. म्हणूनच ते बोलणे पूर्ण ऐकून घेणे, हे चिकित्सकाचे पहिले कर्तव्य राहते.