रुग्णहक्काचा कायदा मंजूर झाला म्हणजे लगेच लागू होतो का?

शिरूर किंवा दौंडमधल्या खासगी रुग्णालयाने दरपत्रक दाखवायला नकार दिला, तर कोणत्या कायद्यावर बोट ठेवायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये अनेकदा २०१० च्या केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याचं नाव असतं. पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे इथे त्याचा आधार घेता येत नाही.

असं का?

आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. संसदेने २०१० मध्ये केलेला हा कायदा १ मार्च २०१२ रोजी अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम, सिक्कीम आणि काही केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. इतर राज्यांत तो लागू होण्यासाठी तिथल्या विधिमंडळाचा ठराव लागतो.

कायदा लागू कधी होतो?

राज्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, राज्यपालांची संमती मिळते आणि ते राजपत्रात छापलं जातं. मात्र 'शासन ठरवेल त्या तारखेपासून' असं कलम असेल, तर वेगळी अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावरच राहतो. केंद्राच्या मानसिक आरोग्य कायद्याला एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो २९ मे २०१८ रोजी लागू झाला.

मग महाराष्ट्रात काय चालतं?

इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. सुरुवातीला तो मोजक्या शहरांपुरता होता. २००५ च्या दुरुस्तीने तो राज्यभर, म्हणजे शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांपर्यंत पोहोचला.

तरीही रुग्णांना ठोस आधार मिळाला तो जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांमुळे. त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. खाटेचं भाडं, नर्सिंग, ऑक्सिजन अशा सेवांचे दर त्यात हवेत. तक्रार निवारण कक्षाचीही तरतूद आहे. सरकारी रुग्णालयांना मात्र हा कायदा लागू नाही.

मेसेज पुढे पाठवण्याआधी काय तपासाल?

- कायदा आपल्या राज्याला लागू आहे का?
- अमलात येण्याची तारीख जाहीर झाली आहे का?
- नियम तयार झाले आहेत का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तरच तो मेसेज रुग्णालयाच्या काउंटरवर कामाचा.